बिना लाइटीची मशीन

दिवाळीच्या पणत्या अजून ओट्यावरून उचललेल्याही नसतात, तोच आमच्या भागात मंडईचे दिवस सुरू होतात आणि माझं डोकं फिरतं. दरवर्षी फिरतं. सुनेला हे ठाऊक आहे, नातवालाही ठाऊक आहे. या दिवसांत ते माझ्याशी जपून बोलतात. काल नातू त्याच्या आईला सांगत होता, "आजीले काही विचारू नको, मंडई आली आहे."

बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमची मंडई वेगळी. भंडारा जिल्ह्यात हलका धान कापून झाला की भाऊबिजेपासून एकेका गावाचा दिवस ठरतो. त्या दिवशी गावात जत्रेसारखी दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांना आग्रहाचे निरोप जातात. दुपारी आंब्याखाली दंडार रंगते, म्हणजे आमच्याकडची गाण्या-नाचाची नाटकं. तळ्यातल्या उकडलेल्या शिंगाड्यांचा वास, ताज्या तणसाचा वास, जिलबीच्या कढईचा धूर, सायकलींच्या घंट्या. आणि याच गर्दीत पोरी बघितल्या जातात, लग्नं जुळतात. हे सगळं मला आवडत होतं. अजूनही आवडलं असतं. म्हणूनच राग जास्त येतो.

या वर्षी रागाला नवं निमित्त मिळालं आहे. माझ्या मोठ्या भावाचा, मधुभाऊचा, फोन आला. आमच्या गावची मंडई-कमिटी त्याचा सत्कार करणार आहे. झाडीपट्टीत पहिल्यांदा भांगडा आणि इलेक्ट्रिक बाजा एकत्र वाजवणारा कलावंत म्हणून. शाल, श्रीफळ, बॅनरवर फोटो. आणि ती जुनी मशीन, म्हणजे तो बाजाच, स्टेजवर मांडायची आहे, हार घालून. "तुह्याकडे आहे ना वं ते? मी येतो न्याले," तो म्हणाला. सत्काराला ये, असंही म्हणाला. "बायांसाठी समोर सतरंजी टाकून राहिले."

सतरंजी टाकून राहिले म्हणे! मी फोन ठेवून दिला.

मशीन माझ्याकडे आहे, कारण भावानं नवं घर बांधताना ती कोठ्यात बैलांच्या दाव्यांबरोबर टाकून दिली होती. मी ती उचलून साकोलीला आणली. पुसली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. ती वाजत नाही. मला ती वाजवायचीही नव्हती. ती माझी वैरीण आहे, आणि वैरी नजरेसमोर असलेला बरा.

ऐंशी सालाच्या मागेपुढे आमच्या धानाच्या बांधीला लागून, हायवेच्या कडेला, एका सरदारजीचं ट्रक दुरुस्तीचं शेड होतं. त्यांना सगळे पाजी म्हणत. कधीकाळी ट्रकखाली काम करताना जॅक सरकला आणि त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला. त्याआधी ते गावोगावच्या लग्नांत ढोल वाजवत असत. खांदा गेल्यावर गळ्यात ढोल अडकवणं संपलं, पण ढोल डोक्यातून गेला नाही. संध्याकाळी शेडमधलं काम थांबलं की ते आसपासच्या गावांतली पोरं गोळा करत आणि शिकवत. त्या शाळेची रीत अजब होती. ढोलाला कोणी हात लावायचा नाही. आधी ट्रकच्या जुन्या टायरवर वाजवायचं. टायरमधून आवाज निघत नाही, नुसता हात उसळतो. पाजी म्हणत, "आवाज के पीछे मत भागो. पहले हाथ को उछलना सिखाओ." महिना महिना पोरं टायर बडवत. हायवेवरून जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून चिडवत आणि पाजी त्यांना पंजाबीत अशी काही उत्तरं देत, की पोरं हसून लोळत. आम्हाला अर्थ कळत नसे, पण रोख कळत असे.

त्यांच्याकडे दूध आमच्या घरचं जायचं आणि ते पोचवायचं काम माझं होतं. मी कमल, तेव्हा नुकती मॅट्रिकला बसलेली, घरातली धाकटी. दुधाची बरणी रिकामी होईपर्यंत मी शेडच्या दाराशी उभी राहायची. डोळ्यांनी जेवढं शिकता येतं तेवढं शिकून झालं होतं. एकदा पोरं पाणी प्यायला विहिरीवर गेली. टायरवर दोन्ही काठ्या पडलेल्या होत्या, एक जाड वाकडी, डग्गा म्हणतात ती, आणि दुसरी वेताची बारीक. मी त्या उचलल्या.

पाजी पाठमोरे होते, कुठलासा बोल्ट आवळत होते. मान न वळवता ते म्हणाले, "ये कौन मुंडा है? इसका हाथ तो खुला हुआ है."

विहिरीवरून परतणारा मधुभाऊ म्हणाला, "पोरगा नाई पाजी, आमची कमल आहे."

पाजी वळले. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डग्गे की चोट पेट से निकलती है, मूँछ से नहीं. कल से दूध लेकर जल्दी आना."

माझा हात खुला होता, यात जादू काही नव्हती. आमच्या घरी भात मुसळानं कांडायचे. माय आणि मी समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात कांडायचो. तिचं मुसळ वर जायचं तेव्हा माझं खाली यायचं. चुकलं तर मुसळाला मुसळ लागायचं आणि मायच्या शिव्या खाव्या लागायच्या. भांगड्याचा ताल मला त्या उखळात आधीच भेटला होता, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. घरी मी कोंड्याच्या पोत्यावर सराव करायची. माय बघायची आणि बाहेरचं दार लावून घ्यायची. ज्या दिवशी पाजींनी पहिल्यांदा खरा ढोल माझ्या गळ्यात अडकवला आणि मी डग्गा मारला, त्या दिवशी छातीच्या पिंजऱ्यात जो आवाज घुमला तो मी अजून विसरलेली नाही. लग्नात, बाळंतपणात, नोकरीच्या पहिल्या दिवशी, कशातच तसं वाटलं नाही. हे लिहायला लाज वाटायला पाहिजे म्हणतात. मला वाटत नाही.

मग ती मशीन आली. पाजींच्या ओळखीच्या कोणी नागपूरला विकायला काढली होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा इलेक्ट्रिक बाजा, वर बटणांची रांग. एकेक बटण दाबलं की आतून आपोआप ताल सुरू व्हायचा. ताल कसला, सुपात कोणी खडे पाखडावेत तसा टकटकाट. पण पट्ट्यांचा आवाज मात्र गोड होता, लांब ताणता येत होता, आणि मधुभाऊचं डोकं अशा वस्तूंत चालायचं. रेडिओ खोलायचा, जोडायचा, हा त्याचा नाद. त्यानं मशीनच्या बाजूला रंगीत बल्बांची चौकट बसवली. दंडारीतल्या चाली बाजावर आणि खाली पंजाबी ढोल, असं मिश्रण पाजींनी आणि त्यानं जमवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले, मग गप्प झाले. ते खरोखरच चांगलं होतं. आजही मी ते नाकारणार नाही. पोरांनी मायांच्या जुन्या लुगड्यांचे फेटे बांधले, तुरे काढले, पार्टी तयार झाली. पाजींनी पाटी रंगवून घेतली, 'पंजाब-झाडी इलेक्ट्रिक भांगडा पार्टी'.

ढोलावर दुसरा एक पोरगा होता. मंडईच्या तोंडावर धान कापताना त्याच्या बोटावर विळा बसला आणि हात कापडात गुंडाळला गेला. बाकीची पोरं नाचायला पक्की होती, पण ढोलावर टिकणारा हात एकाचाही नव्हता. पाजी आमच्या घरी आले, ओट्यावर बसले आणि बाबांना सरळ म्हणाले, "आपकी बेटी दे दो, दो घंटे के लिए."

बाबा तंबाखू मळू लागले. "मंडईत पाहुने येतात, पाजी. यंदा तिच्यासाठी पोरगा पाहून राहिलो. पोट्टी गळ्यात ढोल टाकून नाचली तं कोन करीन तिले?"

"नाचेगी नहीं. बजाएगी."

"वाजवू द्या. पन दिसली नाई पाहिजे."

वाजव, पण दिसू नको. दोन माणसांत मिळून हा निकाल लागला आणि तिसऱ्या माणसाला, म्हणजे मला, माय स्वयंपाकघरात सांगायला आली. मी आनंदानं उडीच मारली. वाजवायला मिळत होतं ना. तेव्हा एवढंच पुरेसं वाटलं. सतरा वर्षांच्या पोरीला कमी गोष्ट पुष्कळ वाटते, आणि लोक त्याचाच फायदा घेतात.

स्टेजमागं चादरीचा पडदा लावला, त्याच्यामागं मी, समोर माइक. पुढं मधुभाऊ बाजावर, बल्ब लुकलुकतायत. पहिलं गाणं संपलं आणि कोणीतरी ओरडलं, "ढोल कोठी आहे?" पाजी गोंधळले. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचा चेहरा पाहून पाजींनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "ढोल मशीन में है जी! बटन दबाओ, ढोल बजता है! सब मशीन का कमाल!"

लोक वेडे झाले. दुसऱ्या दिवसापासून गावोगावची बोलावणी आली. नाकाडोंगरीकडच्या गावांतून माणसं सायकलींवर आली, ढोल वाजवणारी मशीन बघायला. आयाबाया पोरांना उचलून बटणं दाखवत. एका मास्तरांनी म्हणे वर्गात सांगितलं, की विज्ञान कुठच्या कुठे गेलं. मी पडद्याआड घामानं भिजलेली आणि विज्ञान पुढे गेलेलं!

मग नियम आले. मी खोकायचं नाही. बांगड्या काढून ठेवायच्या. गाणं मधेच अडलं तरी मी अडायचं नाही, कारण मशीनला अंदाज घेता येत नाही. आणि सर्वांत मोठा नियम, पडद्याआड एक पिवळा बल्ब टांगलेला असायचा. लाइट गेली, बल्ब विझला, की त्या क्षणी माझे हात थांबले पाहिजेत. बिना लाइटीची मशीन कशी वाजेल? हा नियम मला पाजींनी शिकवला. ज्या माणसानं सांगितलं होतं की ढोल छातीशी धरून लोकांच्या डोळ्यांत बघत वाजवायचा, त्यानंच मला बल्बकडे बघत वाजवायला शिकवलं. बाबांना मी समजू शकते. ते बाप होते, घाबरट होते. पाजींवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांना कळत होतं. मी विचारलं की ते खाली बघून म्हणत, "अगले साल सामने, पुत्तर. पक्का."

अगले साल आलं. आमच्याच गावची मंडई. सकाळी परगावचे पाहुणे मला बघायला आले. मला पाटावर बसवलं. डोक्यावर पदर, हातात पोह्यांची ताटली. सकाळी नीट दिसायचं आणि दुपारी अजिबात दिसायचं नाही, असा माझा तो दिवस होता. मुलाच्या बापानं ताटली घेताना माझे तळहात पाहिले. घट्टे पडलेले होते, बोटांच्या मुळाशी कातडी जाड झाली होती.

"पोरीचे हात लय जड दिसतात," तो बाबांना म्हणाला. मला नाही, बाबांना. "काहून, बांधीत राबवता का?"

"नाई बाप्पा, भात कांडते घरी," बाबा म्हणाले.

"नाजूक पाहिजे होती थोडी."

आणि मग तोच माणूस शिंगाडा सोलत मधुभाऊला म्हणाला, "तुमची मशीन पाहाले आलो आमी खरं तं. अशी वस्तू घरात पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे हात त्याला नको होते आणि माझ्या हातांचं वाजवणं त्याला घरात पाहिजे होतं. मी ताटली उचलून आत गेले. माय म्हणाली, "काही बोलू नको वं." दुपारी ढोल गळ्यात अडकवला आणि पडद्यामागं जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या गाण्यात बल्ब विझला. भोंग्यातला आवाज एकदम मेला, बाजा मेला, पोरांचे पाय अडखळले. माझे हात थांबले नाहीत. मी ठरवून थांबवले नाहीत. बल्बकडे मी नीट पाहिलं, विझलेला पाहिला आणि डग्गा दुप्पट जोरानं हाणला. आता माइक नव्हता, भोंगा नव्हता. कातडं होतं आणि मी होते. पडद्याच्या फटीतून पाजींचा हात दिसला, थांब थांब म्हणणारा. मी आणखी जोरात वाजवलं. मला वाटत होतं, आता कोणीतरी उठेल, ही चादर ओढेल. एवढी माणसं आहेत, एकाला तरी कळेल. बापहो, लाइट नाही, मग हे वाजतंय कसं, एवढा साधा प्रश्न पडायला काय लागतं?

गर्दीनं माना उंचावल्या. मग एक म्हातारा ओरडला, "अरे, बिना लाइटीनं वाजून राहिली मशीन!"

आणि पाजी, माझे पाजी, हात उंचावून म्हणाले, "सेल! सेल है इसमें!"

जो जल्लोष झाला, तसा मी कुठल्याही मंडईत ऐकला नाही. मधुभाऊ मुक्या पट्ट्यांवर बोटं नाचवत डोलत राहिला. गाणं संपल्यावर बायांनी स्टेजवर चढून मशीनला हळद-कुंकू लावलं. कोणी नारळ फोडला. सकाळचा तो पाहुणा टाळ्या वाजवण्यात पुढे होता. मी पडद्याआड ढोल उतरवला. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निचरा तरी झाला असता.

घरी कोणी मला रागावलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पाजीनं निभावून नेलं, नाई तं नाक कापलं असतं." पुढच्या मंडईआधीच पाजींनी शेड रायपूरकडे हलवलं. जाताना ते मला डग्गा देऊ लागले. मी घेतला नाही. दुधाची बरणी मात्र परत मागून घेतली.

पुढं माझं लग्न झालं, दुसरीकडे. शाळेत शिकवलं, पोरं वाढवली. आता मिरवणुकांत पोरी कमरेला ढोल बांधून वाजवताना दिसतात. लोक त्यांचे फोटो काढतात. मला बघून आनंद होतो, नाही असं नाही. पण आनंदाच्या पाठोपाठ तिडीक येतेच. पूर्वी मी स्वतःला समजवायची, की जाऊ दे, जुनी गोष्ट आहे. आता समजवत नाही. राग माझा आहे, मी तो जपून ठेवला आहे, आणि तो अजून ताजा आहे याचं मला बरंच वाटतं.

आज सकाळी मधुभाऊ आला. केस पांढरे, गुडघे दुखतात, जिन्यावर दमला. चहा पीत त्यानं सत्कारातलं भाषण मला म्हणून दाखवलं. पाजींचं नाव होतं, पोरांची नावं होती, विळा लागलेल्या त्या पोराचंही नाव होतं. शेवटी त्या दिवसाची गोष्ट होती. लाइट गेली आणि तरीही मशीन वाजत राहिली.

"भाऊ, मशीन वाजत राहिली?" मी विचारलं.

"मंग! सेलवर. लोकायले अजून आठवते."

"आन मी काय करत होती?"

तो ओशाळून हसला. "तू वाजवत होती ना वं मागं, मी कोठी नाई म्हनतो? त्याची एक ओळ टाकीन, 'बहिणीची साथ लाभली' म्हनून. पन त्या दिवशी तं बल्ब गेल्यावर तू थांबलीच असशील. नियमच होता ना. मले पक्कं आठवते, सेल म्या सोता टाकले होते. सकाळीच."

तो खोटं बोलत नव्हता. हेच भयंकर होतं. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला स्वतःचे हात सेल टाकताना दिसत होते. कमल नियम मोडेल, हे मात्र त्याला कधी दिसलंच नव्हतं.

मी माळ्यावरून मशीन काढली. लुगडं सोडलं आणि ती त्याच्यासमोर टेबलावर उलटी केली. खालचा पत्रा एकसंध होता. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, मागे वायर आत जाण्याचं भोक.

"सेल कोठी टाकले होते, दाखव."

त्यानं चष्मा लावला. पत्र्यावरून बोट फिरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. झाकण सापडेना. मशीन आडवी करून बाजू पाहिल्या, पुन्हा पालथी केली. रेडिओ खोलणारी त्याची बोटं होती ती, त्यांना फसवता येत नव्हतं. चहा निवून गेला. मग त्यानं वर पाहिलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं.

"मंग तवा..." तो म्हणाला.

मी मशीन पुन्हा लुगड्यात बांधली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"नेजो," मी म्हटलं. "पन स्टेजवर पालथी ठेवजो."